बोटभर पडदा

"लॅपटॉप खंय तुजो?" दाजींनी पडवीतच विचारलं.

यतीन खांद्यावरची पिशवी उतरवून नव्या मोडेमचा खोका सोडत होता. त्याने शर्टाच्या खिशातून फोन काढून दाखवला. जाड, चौकोनी फोन. खाली बारीक बटणं आणि वर बोटभर पडदा.

"लॅपटॉप कित्याक व्हयो, दाजी? ह्यो आसा मा."

"ह्येच्यावर काम होता? मागच्या टायमाक तुमचो दुसरो माणूस इल्लो, तेच्याकडे ताटाएवढो लॅपटॉप होतो."

"ताट मोठा म्हणान जेवण बरा असता काय?"

दाजी हसले. यतीनला माणसं हसवता येत, आणि हा गुण त्याने मुद्दाम वाढवला होता. माणूस हसत असला की समोरच्याच्या डोळ्यांकडे नीट बघत नाही.

मालवणच्या सर्वेशकडे घरोघर इंटरनेट जोडून देण्याचं कंत्राट होतं, आणि यतीन त्याच्याकडे पहिल्यापासूनचा. टेलिफोनच्या वायरीला मोडेम जोडायचा, मोडेमच्या आत एक सेटिंगचं पान असतं ते उघडायचं, त्यात गिऱ्हाइकाचं नाव आणि पासवर्ड भरायचा, दिवे हिरवे झाले की सही घेऊन निघायचं. बाकीचे लोक हे काम ऑफिसच्या लॅपटॉपवर करत. यतीन ते आपल्या फोनवर, वाय-फायने करी. ऑफिसातल्या पोरांना वाटे, स्वारी भाव खाते. सर्वेशला वाटे, बरं आहे, एक लॅपटॉप वाचला.

खरी गोष्ट अशी होती की लॅपटॉपचा पडदा यतीनच्या डोळ्यांत मावत नसे. त्याची नजर कडेकडेने बंद होत चालली होती. मधलं दिसे, तेही चांगलं स्वच्छ, पण मधलंच. कोल्हापूरच्या डॉक्टरने डोळ्यांत थेंब घालून, दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला रात्रीचं दिसत नव्हतं का?" यतीनच्या तोंडावर "नाही" आलं होतं आणि तेवढ्यात त्याला बाप, महादू, आठवला. महादू कधी रात्रीच्या होडीवर गेला नाही. दिवस मावळला की घरापुढच्या खळ्यात जाळी विणत बसायचा, आणि गाव त्याला आळशी म्हणायचं. म्हातारा तसाच गेला; आळशी म्हणवून घेऊन गेला, पण बोलला नाही. डॉक्टरने सांगितलं की याला औषध नाही, हळूहळू वाढेल, अंधारात गाडी चालवू नका. यतीनने घरी येऊन बायकोला, उर्वशीला, सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यतीनने ती मूठ आवळून धरली, कारण तिच्यात त्याची नोकरी होती. मोटारसायकल चालवता न येणारा माणूस सर्वेशच्या काय कामाचा? रेडीपासून देवगडपर्यंत पसरलेलं काम, कुठे घाटी, कुठे खाडी. म्हणून तो उजेडाचं काम आधी उरकी आणि ऊन कलायच्या आत मालवणात परते. कधी उशीर झालाच तर गाडी ढकलत येई आणि सांगे, पेट्रोल संपलं. ऑफिसात यावर विनोद चालत. यतीनची गाडी संध्याकाळची माहेरी जाते, असं पोरं म्हणत, आणि सगळ्यात मोठ्याने यतीन हसे.

फोनच्या पडद्यावर मोडेमचं पान तुकड्यातुकड्याने येतं. डावीकडचं बघायला डावीकडे सरकायचं, खालचं बघायला खाली. दुसऱ्या कुणाचा जीव त्यात मेटाकुटीला आला असता. यतीनला मात्र सगळं जगच तसं दिसत होतं, त्यामुळे त्याचं आणि त्या पडद्याचं बरं जमलं. बाप दर्यात मासळीची जागा खुणांवरून धरायचा. देवळाचा कळस अमक्या माडाच्या रेषेत आला आणि डोंगराची खांड तमक्या घराच्या डोक्यावर आली की जाळं टाकायचं. यतीनही तेच करी. वरच्या निळ्या पट्टीपासून खाली उतरायचं, लांब रेघ लागली की थांबायचं, तिच्याखालचा पहिला चौकोन नावाचा, दुसरा पासवर्डचा. आता तर तो वाचतही नसे. बोटंच जागा धरीत.

तोंडवलीच्या दाजींकडे सुरूच्या बनाला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या होत्या. जुना मोडेम वीज पडून जळला होता आणि तक्रार करून करून ते थकले होते. पण आजची घाई पर्यटकांची नव्हती. जुलैत कोण येतंय! घाई संजनाची होती. दाजींची मुलगी बारावीला चांगली पास झाली होती आणि इंजिनिअरिंगसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम इंटरनेटवर भरायचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाच वाजता ती साइट बंद होणार होती.

"दादा, होयत मा?" संजनाने तिसऱ्यांदा विचारलं. कॉम्प्युटर चालू करून ती केव्हाची बसली होती.

"आता होतला. तू कॉलेजांची नावां काढून ठेव."

यतीनने पान उघडलं. निळी पट्टी, लांब रेघ, पहिला चौकोन, दुसरा चौकोन. भरलं, बटण दाबलं. मोडेमचा तिसरा दिवा लुकलुकत राहिला. त्याने वाट पाहिली. दिवा तांबडा झाला, परत लुकलुकला, परत तांबडा झाला. अशा वेळी तो दाजींना एखादा विनोद सांगे. आज काही सुचेना. त्याने पुन्हा भरलं. पासवर्डचे नुसते ठिपके दिसतात, म्हणून तो लिहिताना पडद्याकडे बघायची त्याची सवयच गेली होती. शेवटी त्याने दाजींच्या टेलिफोनवरून ऑफिसला फोन लावला.

सर्वेशने एक्सचेंजमध्ये विचारून उलट फोन केला. "अरे, पासवर्ड चुकीचा जातोय सारखा. खातं बंद पडलंय, उद्या सकाळशिवाय उघडत नाही. आणि हे मोडेम नवीन आलेत, बघून भरलंस ना? नाव आणि पासवर्डच्या मध्ये एक चौकोन वाढवलाय त्यांनी. तो रिकामा ठेवायचा असतो."

यतीनने पान परत उघडून एकेक अक्षर वाचलं. होता, मध्ये एक नवा चौकोन होता, आणि पासवर्ड त्यात बसला होता. खऱ्या चौकोनात काहीच नव्हतं. डोळे धड असलेल्या माणसाला तो पहिल्या नजरेत दिसला असता.

"काय झाला?" दाजींनी विचारलं.

"मोडेम नवीन आसा. पान बदलल्यानी. आज काय जमणा नाय."

नाचता येईना अंगण वाकडं. हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.  संजनाने कॉलेजांच्या नावांचा कागद टेबलावर उलटा ठेवला, आणि ते त्याला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दाजींना सुचलं ते कुणालाही सुचलं असतं. "मगे एक कर. तुज्या गाडयेर हिका मालवणाक घेवन जा. थंय सायबर आसा. एसटी आता मिळाची नाय आणि माज्या भावाची रिक्षा कुडाळाक गेली."

यतीनने दाराबाहेर पाहिलं. आभाळ दर्यावर उतरलं होतं. सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडचं पाणी एकच काळं झालं होतं. दिवसाढवळ्याच त्याला रस्त्याची कड दिसली नसती. एकटा असता तर कदाचित गेलाही असता. आपलं काय व्हायचं ते होवो. पण दुसऱ्याची पोर मागे बसवून? 

"ब्रेक बरो नाय गाडयेचो," तो म्हणाला. आणि दाजी आणखी काही बोलायच्या आत घाईघाईने म्हणाला, "मोबायलार भरूया. ह्याच फोनार. रेंज खंय येता तुमच्याकडे?"

"सड्यार. चिऱ्याच्या जुन्या खाणीकडे," संजना उठत म्हणाली. "पण दादा, ह्येच्यावर सगळा दिसात?"

"सगळा दिसणा नाय. पण असता सगळा."

सड्यावर, गावामागच्या उघड्या कातळमाळावर, चढताना तो तिच्या मागोमाग चालला, तिच्या छत्रीच्या टोकावर नजर ठेवून. खाण केव्हाच बंद पडली होती. तासलेल्या जांभ्याच्या सरळ भिंती आणि तळाला साचलेलं हिरवं पाणी. तिच्या काठावर गावची पोरं फोन लावायला येत. दोघं एका दगडावर बसली. वर छत्री, मध्ये फोन.

साइट उघडायलाच पुष्कळ वेळ गेला. उघडली तशी संजना घाबरली. कॉम्प्युटरवर जो मोठा तक्ता दिसतो त्याच्या इथे चिंध्या झाल्या होत्या. कॉलेजांची नावं एकीकडे, त्यांचे नंबर कुठेतरी खाली, निवडायचे चौकोन तिसरीकडेच.

"ह्या सगळा तुटलाहा, दादा!"

"तुटाक नाय. बाजूक गेलाहा. रव. तुज्या पयल्या कॉलेजाचा नाव खंयच्या ओळीत आसा? वरसून मोज."

तिने मोजलं. तो तेवढाच खाली उतरला, उजवीकडे सरकला आणि म्हणाला, "ह्यो तेचो चौकोन. आता नंबर वाच, जुळता काय बघ."

नंबर जुळला. संजनाने त्याच्याकडे असं पाहिलं की बऱ्याच वर्षांत कुणी यतीनकडे तसं पाहिलं नव्हतं. मग दोघांना लय सापडली. ती वाचे, तो सरके. ती नंबर पडताळे, तो दाबे. सांगलीचं कॉलेज पहिलं, मग रत्नागिरीचं, मग कोल्हापूरचं. मध्येच रेंज जाई आणि पान अर्ध्यावर अडके, तेव्हा संजना श्वास धरून बसे आणि यतीन म्हणे, "घाबरा नको, भरलेला खंय जाणा नाय." हे खरं आहे की नाही त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्या तासाभरात तो डोळे विसरला होता. चूक आपण केली होती आणि आपणच ती निस्तरत होतो, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि त्यात त्याला खरा आनंद होत होता.

शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर बारीक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग अक्षरं आली. संजनाने ती दोनदा वाचली आणि टुणकन उठली.

"झाला! दादा, झाला!" तिने त्याचे दोन्ही हात धरून त्याला उठवलं आणि गर्रकन फिरवलं. पाचाला थोडाच वेळ बाकी होता. घोडं गंगेत न्हालं.

"चल दादा, आवशीन घावणे केल्यान असतीत."

"तू हो फुडे. माका ऑफिसाक फोन करूचो आसा."

ती पळत गेली. तिच्या चपलांचा आवाज थांबला तेव्हा यतीनने मान वर केली, आणि त्याला काहीच दिसलं नाही.

आभाळ आणखी दाटून आलं होतं. चारचौघांसाठी अजून संध्याकाळ असेल. यतीनसाठी रात्र झाली होती. इतका वेळ उजळ पडद्यात बघून डोळ्यांत उरलंसुरलं होतं तेही गेलं होतं. तो दोन पावलं टाकून थांबला. संजनाने आनंदाने त्याला फिरवलं होतं. खाण आता पुढे होती की मागे, हे त्याला कळेना. त्याने फोनचा उजेड पायाशी धरला. वीतभर कातळ दिसला आणि त्यापुढे काळोख. त्याने पायाने एक खडा ढकलला. खडा घरंगळला आणि बऱ्याच वेळाने खाली पाण्यात वाजला.

यतीन हळूहळू खाली बसला. तळहात कातळावर टेकवून बसला.

फोनमध्ये दाजींचा नंबर होता. 'दाजी, माका न्हेवक येवा,' एवढं म्हटलं की झालं असतं. त्याने नंबर काढलाही. पण मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते एकदा तोंडातून निघालं की उद्या सर्वेशकडे, परवा उर्वशीकडे. त्याने फोन बंद करून खिशात ठेवला. पावसाची भुरभुर सुरू झाली. भिजत, न हलता, तो कोणीतरी येण्याची वाट बघत बसला, आणि कोणी येऊ नये असंही त्याला तितकंच वाटत होतं.

मोटारसायकल अंगणात तशीच उभी आहे हे संजनाच्या ध्यानात आलं. ती बापाला घेऊन वर आली. दाजींच्या हातात मोठी बॅटरी होती.

"यतीन! अरे हय काय करतंस?"

"पाय मुरगळलो, दाजी."

"खंयचो?"

यतीनने उजवा पाय दाखवला आणि हसून आवाजाच्या दिशेने वर पाहिलं. पण दाजी बोलता बोलता बाजूला सरकले होते. यतीन रिकाम्या जागेकडे बघून हसत होता. दाजींनी बॅटरी त्याच्या तोंडावर धरली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली. मग ती खाली केली.

"कधीपासना?"

यतीनने ओला तळहात पँटला पुसला.

"मी इचारतंय, कधीपासना दिसणा नाय तुका?"

"रातचा बरीच वर्सां झाली. आता दिसाचापण कमी झाला."

"आणि गाडी चलवतंस?" दाजींचा आवाज चढला. "माज्या चेडवाक तुज्या मागे बसवन पाठयत होतंय मी! तेव्हा तरी बोलाक नको?"

"म्हणानच घेवन गेलंय नाय, दाजी."

 दाजींनी बॅटरीचा झोत पुढे टाकला. यतीन बसला होता तिथून हातभर अंतरावर कातळ संपत होता. संजनाने तोंडावर हात घेतला.

"ऊठ," दाजी म्हणाले. "हात धर माजो. पाय बघीत टाकू नको, मी टाकतंय तसो टाक."

दाजींनी कुणाला सांगितलं नाही. शब्दाचे पक्के होते. भावाची रिक्षा परतल्यावर ते स्वतः त्याला तिच्यातून मालवणात सोडून आले, आणि मोटारसायकल नंतर त्यांचा भाऊ पोचवून गेला. यतीनने मूठ पुन्हा आवळली. सकाळी ऊन वर आल्यावर निघायचं, लवकर परतायचं, नव्या मोडेमचं पान एकेक अक्षर वाचायचं. चाललं तसं काही दिवस.

मूठ उघडली ती संजनाने, आणि तीही प्रेमाने. सांगलीला नंबर लागला तेव्हा ती पेढे घेऊन थेट मालवणच्या ऑफिसात आली. यतीन कामावर गेला होता. तिने सर्वेशला पेढा दिला, सगळ्या पोरांना दिला, आणि सांगितलं की यतीनदादांना एवढं कमी दिसत असताना त्यांनी सड्यावर बसून, इतक्याशा पडद्यावर माझा फॉर्म भरला. असा माणूस मी पाहिला नाही.  पोरांना गाडीवरचे आपले विनोद आठवले असतील. पोरगी बिचारी, आपण कौतुक केलं एवढ्याच समाधानात गेली.

यतीन परतला तेव्हा टेबलावर त्याच्यासाठी एक पेढा झाकून ठेवला होता. सर्वेशने त्याला आत बोलावलं. सर्वेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर यतीनला भांडता तरी आलं असतं.

"उद्यापासून गाडी घेऊन यायचं नाही," तो म्हणाला. "तक्रारीचे फोन घेत जा. तुला सगळं पाठ आहे. लोकांना इथूनच सांगायचं."

त्या रात्री यतीनने उर्वशीला खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका म्हायती होता. तू सांगशीत म्हणान वाट बघत होतंय." मग ती रडली, आणि तोही रडला.

फोनवरचं काम त्याला चांगलं जमलं. गणपतीपर्यंत त्याने जिल्हाभरचे मोडेम खुर्चीत बसून दुरुस्त केले. निळ्या पट्टीपासून खाली या, लांब रेघ लागेल, मधला चौकोन सोडा. पलीकडच्या माणसाच्या फोनवर पान कसं तुटलं असेल, काय कुठे सरकलं असेल, ते त्याला बसल्या जागी कळे. लोक म्हणत, अगदी समोर बसून सांगताय हो. खाली रस्त्याने पोरांच्या मोटारसायकली कामाला जात. आवाजावरून कोण निघालं ते तो ओळखी.

पुढच्या वर्षी नवरात्रात मोडेमचा नवा माल आला. पोरांनी तो घरोघर लावला. कसा आहे म्हणून यतीनने विचारलं तेव्हा एकजण घाईत म्हणाला, चांगला आहे, रंगीत आहे. त्याने एकदा ते पान आपल्या फोनवर उघडून बघायचा प्रयत्न केला. पण आता मधलंही धुरकट झालं होतं. पडदा नाकाशी धरूनही रंगांपलीकडे काही लागेना.

एका सकाळी देवगडहून एका बाईंचा फोन आला. नेट बंद होतं, मुंबईच्या मुलाशी बोलायचं होतं, हातात मुलाने दिलेला मोबाइल होता.

"पान उघडलंत? वर निळी पट्टी असेल. तिथून खाली या."

"निळी पट्टी नाही हो इथे."

"असेल बघा. वरच्या बाजूला."

"अहो नाही! गोल गोल चित्रं आहेत सगळी."

यतीनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "बरं. मग एक लांब रेघ असेल. तिच्याखाली चौकोन."

"रेघ नाही, चौकोन नाही, तुम्ही म्हणता त्यातलं काहीच नाही." बाई आता वैतागल्या होत्या. "तुम्हीच येऊन बघून जा ना एकदा. एवढं काय त्यात?"

ऑफिसात टाइप करणाऱ्या पोराचे हात थांबले. यतीनला ते ऐकू आलं.

"मला येता येणार नाही, बाई," तो म्हणाला. "मला दिसत नाही. तुम्ही सांगा, तुम्हाला काय दिसतंय? वरपासून सांगा. सावकाश सांगा."